घरबसल्या : एका निबंधाच्या प्रकल्प नोंदी

बी. ए. भाग एक, सत्र दोन, मराठी लेखनकौशल्य. निबंधाबरोबर ही वहीही जमा करायची आहे आणि मार्क दोन्हींना मिळून आहेत. सरांची अट एकच: पान फाडायचं नाही, व्हाइटनर लावायचं नाही, खोडलेलं वाचता आलं पाहिजे.

बुधवार, ३ डिसेंबर २०२५

पहिला तास. सरांनी विचारलं, दहावीपर्यंत कुठले निबंध लिहिलेत? फळा भरला: 'मी पंतप्रधान झालो तर', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'पाऊस पडलाच नाही तर', 'माझा आवडता ऋतू'. मग विचारलं, यातलं तुमचं स्वतःचं एक तरी वाक्य आठवतं का? वर्ग गप्प. सुरुवातीचे सुविचार मात्र सगळ्यांना पाठ, कारण एकच सुविचार पावसालाही चालायचा आणि पंतप्रधानालाही.

प्रकल्प असा: एकच निबंध, सत्रभर. हजार-बाराशे शब्द. विषय सोलापुरातला आणि स्वतः जाऊन बघता येईल असा. खर्डा वर्गात वाचायचा, बदलायचा, पुन्हा वाचायचा. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, म्हणजे एकच निबंध परत परत फेअर करायचा?" सर म्हणाले, फेअर एकदाच, तीही अगदी शेवटी.

मग त्यांनी अमेरिकेतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. नॅन्सी सॉमर्स नावाच्या प्राध्यापिकेने १९८० मध्ये तो प्रसिद्ध केला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे २० विद्यार्थी आणि २० मुरलेले लिहिणारे, म्हणजे पत्रकार, संपादक, प्राध्यापक वगैरे. प्रत्येकाने तीन निबंध लिहायचे आणि प्रत्येक निबंध दोनदा नव्याने लिहायचा. विद्यार्थ्यांनी बहुतेक शब्द बदलले, एकाच अर्थाचा दुसरा शब्द टाकला, पुन्हा पुन्हा आलेलं काढलं. मुरलेल्यांनी आपण म्हणतोय काय हेच तपासलं, परिच्छेद हलवले, मुद्दा बदलला. त्यांच्या लेखी पहिला खर्डा म्हणजे आपल्याला काय म्हणायचंय ते शोधायची जागा.

आपल्याकडे रफ वही आणि फेअर वही यांच्यात फरक असतो तो अक्षराचा. सरांना तो फरक नकोय, एवढं कळलं.

शनिवार, ६ डिसेंबर

विषय निवडायचे होते. चादर घेणारे इतके निघाले की सरांनी चादर बंद करून टाकली. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा दोघींना मिळाली. माझ्या शेजारी बसणाऱ्याने स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे चार हुतात्मे घेतले. त्यालाच माझा वाचक म्हणून जोडलंय आणि मला त्याची वाचक. या वहीत त्याला 'पार्टनर' म्हणते.

मी विडी घेतली. कारण सोपं आहे. आम्ही पूर्वभागात राहतो, आमच्या भिंतीला भिंत लागून अक्का राहतात आणि त्या विड्या वळतात. विषय शोधायला मला गल्लीही ओलांडावी लागत नाही. पार्टनर म्हणाला, "सोपा विषय धरलास की." बघू.

मंगळवार, ९ डिसेंबर

वर्गात दहा मिनिटं पेन न उचलता लिहायचं होतं. सुचलं नाही तर 'सुचत नाही' असंच लिहायचं. मी तीन ओळी 'सुचत नाही' लिहिलं. मग अचानक अक्कांच्या घराचा वास आला. तंबाखूचा कोरडा, नाकात बसणारा वास आणि त्यात आमटीच्या फोडणीचा. तेवढं एक वाक्य झालं आणि वेळ संपली.

घरी येऊन पूर्ण खर्डा लिहिला. सुरुवात इथे उतरवते:

'सोलापूर हे कष्टकऱ्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. येथील विडी उद्योगाला मोठी परंपरा लाभली आहे. या उद्योगात मोठ्या संख्येने महिला कार्यरत असून त्यांना अनेक समस्यांना तोंड द्यावे लागते. विडी कामगार महिला म्हणजे त्यागाचे मूर्तिमंत प्रतीकच होय.'

पुढे माहिती: तेंदूची पानं विदर्भ, मध्य प्रदेश, तेलंगण इकडच्या जंगलांतून येतात, उन्हाळ्यात तोडली जातात. विडीची तंबाखू निपाणीकडची. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ चा. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये तिचं उद्घाटन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी केलं. मग रे नगरची १५ हजार घरं, जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते चाव्या. शेवटी 'आपण सर्वांनी या भगिनींचा सन्मान केला पाहिजे.'

यातली माहिती सगळी बरोबर आहे. मी दोन-दोन ठिकाणी ताडून बघितली.

शुक्रवार, १२ डिसेंबर

खर्डा परत मिळाला. सरांनी एकही शब्द दुरुस्त केलेला नाही. समासात पेन्सिलने एवढंच लिहिलंय: 'मग?' कष्टकऱ्यांचं शहर, मग? परंपरा लाभली, मग? १० हजार घरं, मग? तंबाखू आणि फोडणीच्या वासाचं वाक्य मी दुसऱ्या पानावर कुठेतरी घातलं होतं, त्यापुढे 'मग?' नव्हतं, नुसती रेघ होती.

आणि खाली एक काम: निबंध काय म्हणतो ते एका वाक्यात लिहून आणा, मात्र त्यात 'विषयी', 'बद्दल', 'समस्या' आणि 'महत्त्व' हे शब्द नकोत. हे चार शब्द काढले तर माझ्याकडे वाक्यच उरत नाही. पार्टनरकडेही नाही. त्याच्याकडे 'बलिदान' आणि 'प्रेरणा' उरले, तेही सरांनी काढून घेतले.

रविवार, १४ डिसेंबर

सरांनी पुढचं काम दिलं होतं: तासभर बसा, बघा, जे दिसेल तेच लिहा. विशेषण वापरायचं नाही. अक्कांना विचारलं, बसू का? म्हणाल्या, "बस की. काय लिहूलालीस पण माझ्यावर? नाव टाकू नको बघ." नाव टाकणार नाही असं सांगितलं.

जे लिहिलं ते जसंच्या तसं:

पानं रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली. अक्का एक पान काढतात, त्यावर पत्र्याचा चौकोनी तुकडा ठेवतात, कात्री त्याच्या कडेने फिरवतात. जाड शीर मध्ये आली तर पान फिरवून दुसरीकडून कापतात. कापलेली पानं परत फडक्यात, कारण पान वाळलं की वळताना मोडतं. मांडीवर सूप. सुपात एका कडेला तंबाखू, एका कडेला पानं, मध्ये रिकामं. डाव्या हातात पान, उजव्या हाताच्या चिमटीत तंबाखू. ती पानाच्या लांबीत पसरतात. अंगठा आणि दोन बोटं, पान फिरतं, विडी होते. दोऱ्याचे वेढे. रुंद टोक आत दुमडून बंद. सुपाच्या मधल्या रिकाम्या जागेत टाकतात. नजर टीव्हीवर.

कुकरची शिट्टी. अक्का मनात मोजतात, तिसऱ्या शिट्टीला उठतात. सूप खाली. मोरीत जाऊन साबणाने हात धुतात. गॅस बंद करतात. हात पुसतात, ओले राहिले तर तंबाखू चिकटते म्हणून पदराला परत एकदा पुसतात. सूप मांडीवर.

सासरे चहा मागतात. सूप खाली. साबण. चहा. पुसणं. सूप मांडीवर. मुलगी गणिताची वही घेऊन येते. वहीला हात लावायचा म्हणून परत साबण. समोरच्या वहिनी किल्ली ठेवायला येतात, त्यांना दारात उभ्याउभ्या दोन शब्द. गॅस सिलिंडरवाला. साबण, पैसे, सही.

मी हे लिहीत होते तेव्हा मला विड्यांचं कौतुक वाटत होतं. घरी येऊन वाचलं तर पानभर साबणच दिसला.

बुधवार, १७ डिसेंबर

उलटा आराखडा. आराखडा आधी करतात हे माहीत होतं, सरांनी लिहून झाल्यावर करायला लावला. प्रत्येक परिच्छेदासमोर दोन गोष्टी लिहायच्या: हा परिच्छेद काय सांगतो, आणि तो इथे काय काम करतो. पहिल्याचं उत्तर सगळ्या परिच्छेदांना होतं. दुसऱ्याचं फार थोड्यांना. घरकुलांचा परिच्छेद 'कुंभारी आणि रे नगरची माहिती देतो', आणि काम? मला माहिती आहे हे सरांना दाखवण्याचं काम.

घरकुलं काढली. १९६६ चा कायदा काढला. निपाणी काढलं. जीव तुटला, कारण ते शोधायला वेळ गेला होता. गुगल डॉक्सवर 'कापलेलं' नावाची वेगळी फाइल केली, तिच्यात सगळं टाकलं. ही युक्ती सगळ्यांनी करावी अशी आहे. फेकून द्यायचं म्हटलं की हात धजत नाही, बाजूला ठेवायचं म्हटलं की भराभर कापता येतं.

मंगळवार, २३ डिसेंबर

बाबा टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहेत. रात्री जेवताना त्यांना विचारलं, "तुम्ही लूमवर असताना कधी कुणी चहा करायला उठवलंय का?" बाबा हसले. आई हसली नाही.

तिथे वाक्य सापडलं. चार बंदी घातलेल्या शब्दांशिवाय:

'विडी घरी वळली की घरकाम त्या कामाचा वेळ खातं, आणि खाल्लेला वेळ मजुरीत कुठेच दिसत नाही, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते, तासांवर नाही.'

सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता कुणीतरी 'असं नाहीये' म्हणू शकेल. म्हणजे हा मुद्दा झाला." त्यागाच्या मूर्तिमंत प्रतीकाला 'असं नाहीये' कोण म्हणणार?

शनिवार, ३ जानेवारी २०२६

दुसरा खर्डा कोऱ्या पानावरून. जुना समोर ठेवायचा नाही, लागलं तर आठवणीतून घ्यायचं, असा नियम. आठवणीत जे राहतं तेच निबंधात राहण्याच्या लायकीचं असतं असं सर म्हणतात. मला हे तितकंसं पटत नाही. चांगली वाक्यंही विसरतात. पण जुन्यातलं वाईट मला खरोखरच आठवलं नाही हेही आहे.

आता सुरुवात अशी: 'कुकरची तिसरी शिट्टी झाली की अक्का सूप खाली ठेवतात आणि मोरीत जाऊन साबणाने हात धुतात.' शहर नाही, परंपरा नाही, प्रतीक नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

पार्टनरचा खर्डा वाचला. वाचकाने 'छान आहे' म्हणायचं नाही. तीनच प्रश्नांची उत्तरं द्यायची: कुठे थांबलात, कुठे कंटाळलात, काय कळलं नाही.

त्याच्या खर्ड्यात 'धगधगते', 'रक्तरंजित', 'तेजस्वी', 'अजरामर' हे सगळं पहिल्याच पानावर. मी पेन्सिलने विशेषणं खोडली आणि उरलेलं त्याला वाचून दाखवलं. उरलं ते असं: मे १९३०. गांधीजींना अटक. सोलापुरात गोळीबार, मग मार्शल लॉ, १२ मे ते ३० जून. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१, येरवडा, फाशी.

वाचून झाल्यावर दोघंही गप्प बसलो. विशेषणं होती तोवर मला फाशीची तारीख दिसलीच नव्हती.

पण मग तो म्हणाला, "आता हे तर पाटीवर लिहिलेलंच वाचल्यासारखं झालं." हेही खरं. माहिती उघडी पडली, निबंध अजून झाला नाही. कंटाळले कुठे? शेवटच्या पानावर, तरुणांनी प्रेरणा घ्यावी तिथे. काय कळलं नाही? हे चौघं एकमेकांना ओळखत होते का, कुठल्या पेठेतले, काय काम करायचे. तो म्हणाला हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बघतो, जिल्हा गॅझेटियरही काढतो.

सोमवार, १२ जानेवारी

पार्टनर सकाळीच चार पुतळ्यांपाशी गेला होता. हार, भाषणं, फोटो. त्याने वेगळंच काम केलं. बाजूच्या रिक्षावाल्यांना आणि बसला थांबलेल्यांना विचारत सुटला, चौघांची नावं सांगा. रोज 'चार पुतळ्याला सोडा' म्हणणारे लोक. बहुतेकांची गाडी एक-दोन नावांवर अडकली. एका आजोबांनी चारही सांगितली, वर कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे हेही सांगितलं.

त्याचा निबंध आता यावर आहे: रोज तोंडात असलेली जागा आणि तोंडात न येणारी नावं. मला हा माझ्यापेक्षा चांगला विषय वाटतो. त्याला तसं सांगितलं नाही, नियम आहे.

शुक्रवार, १६ जानेवारी

यात्रा. काही लिहिलं नाही. नंदीध्वज बघितले, होम मैदानावर फिरलो, पाय दुखले. गड्डा विषय घेतलेल्या दोघींपैकी एक गर्दीत वहीत लिहीत उभी होती आणि लोक तिला पत्रकार समजून वाट देत होते.

बुधवार, २१ जानेवारी

दुसरा खर्डा वर्गात मोठ्याने वाचला. स्वतः नाही, पार्टनरने वाचला. लिहिणाऱ्याने स्वतः वाचलं तर तो आवाजाने सांभाळून घेतो, म्हणून दुसऱ्याने वाचायचं. जिथे तो अडखळला तिथे मी खूण करत गेले. एका वाक्यात त्याचा श्वासच संपला: 'पाने भिजवून, ती फडक्यात गुंडाळून, सकाळी उठून स्वयंपाक आवरून, मुलीची शाळेची तयारी करून देऊन झाल्यावर...' आठवी-नववीत हे वाक्य मला अभिमानाचं वाटलं असतं.

वाचून झाल्यावर एका मुलीने हात वर केला. तिची आईही विड्या वळते. म्हणाली, "हे सगळं खरं आहे, पण माझ्या आईला विचारलं तर ती म्हणेल घरीच बरं. मग तुझा निबंध तिला खोटं पाडणार का?"

सरांनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, विचारून येते.

रविवार, २५ जानेवारी

अक्कांना निबंध वाचून दाखवला. साबणाच्या जागी त्या हसल्या, "एवढ्यांदा धुते काय गं मी?" मुद्द्याचं वाक्य आलं तेव्हा मात्र सुपातून हात बाहेर काढला.

"हे बघ. कारखान्यात जाऊन बसले असते तर पोरीकडं कोण बघूलालं? मामंजींना चहा कोण देणार? तिथं मुकादम बसा म्हटला की बसायचं. हितं माझ्या मनाला आलं तर मी उठते. मला घरीच बरं हाय."

मी विचारलं, मग रात्री अकरापर्यंत का बसता?

"हजार भरायला नको का?"

दोन्ही उत्तरं त्यांनी एकाच सुरात दिली. त्यांना त्यात काही विसंगती दिसली नाही. मला घरी आल्यावरही बराच वेळ दिसत राहिली.

मंगळवार, २७ जानेवारी

सरांशी बोलले. माझ्यापुढे दोन वाटा होत्या असं मला वाटत होतं: अक्कांचं म्हणणं गाळायचं, नाहीतर माझं सोडायचं. सर म्हणाले, विरोधी बाजूचा परिच्छेद म्हणून शेवटी चिकटवून द्यायचीही एक तिसरी वाट असते, 'काही जणांचे असेही मत आहे' म्हणून, आणि ती सगळ्यात वाईट. कारण तिथे लिहिणारा दुसऱ्याला बोलू देतो पण ऐकत नाही.

"त्यांचं म्हणणं मध्यावर आणा," ते म्हणाले, "आणि मग बघा तुमचं वाक्य तसंच राहतं का."

राहिलं नाही. खूप खोडाखोडीनंतर हे आलं:

'घरी काम करणं ही अक्कांना हवी असलेली सोय आहे, आणि तिची किंमत त्या रात्रीच्या तासांनी चुकवतात. हजाराच्या हिशेबात ना ती सोय धरलेली असते, ना ते तास.'

आधीच्या वाक्यात अक्का बिचाऱ्या होत्या. या वाक्यात त्या हिशेब करणाऱ्या आहेत, फक्त हिशेबाची वही दुसऱ्याकडे आहे. (हे शेवटचं निबंधात घालावं असा मोह झाला. नाही घातलं. जरा जास्तच चमकतं.)

एक परिणाम असा की 'कापलेलं' फाइलमधून एक गोष्ट परत आली. १९६६ चा कायदा. पहिल्या खर्ड्यात तो नुसता सालासकट उभा होता. आता त्याला काम मिळालं: कारखान्याकडून पानं-तंबाखू घेऊन घरी विड्या वळणारीलाही हा कायदा कामगारच धरायचा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). म्हणजे घरात बसून केलेलं ते काम आहे हे कायद्याने जवळजवळ साठ वर्षांपूर्वी मान्य केलं, घरातल्या माणसांनी अजून नाही. घरकुलं मात्र आली नाहीत. त्यांचा निबंध वेगळा आहे, कुणीतरी लिहावा.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आता वाक्यं. इतके दिवस सर वाक्यांना हात लावू देत नव्हते. जो परिच्छेद उद्या जाणार आहे त्यातलं वाक्य आज घासत बसू नका, असं त्यांचं म्हणणं.

आजचं काम शिकार करण्याचं. 'करण्यात येते', 'केले जाते', 'दिसून येते' शोधा आणि विचारा, कोण करतं? 'मजुरी कापली जाते' या माझ्या वाक्यात कोण कापतं ते लिहिलंच नव्हतं. विचारलं तर कळलं की विड्या मोजून घेणारे खराब म्हणून काही विड्या बाजूला काढतात आणि त्या हजारात धरत नाहीत. मग तसंच लिहिलं. वाक्य लांब झालं पण कर्ता मिळाला.

मग 'च'. 'खरोखरच', 'अत्यंतच', 'तेच', 'हेच', 'नक्कीच'. एका पानावरचे मोजले आणि मुकाट्याने काढत गेले. एक ठेवला: 'पानभर साबणच'. तो गेला तर वाक्य मरतं.

अक्कांचं बोलणं त्यांच्याच बोलीत ठेवायचं की प्रमाण मराठीत, यावर वर्गात वाद झाला. मी अवतरणात त्यांचं जसंच्या तसं ठेवलं आणि बाहेर माझं. सर काही म्हणाले नाहीत, म्हणजे चालतंय.

मोबाइलवरच्या अ‍ॅपकडून निबंध लिहून आणलेला एक जणही आज उघडा पडला. सरांनी त्याला फक्त मागचे खर्डे मागितले. निबंध स्वच्छ होता, एकही चूक नव्हती, आणि त्यात सोलापूरच्या जागी सांगली घातलं असतं तरी एक वाक्य हललं नसतं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

शुद्धलेखन, सगळ्यात शेवटी. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ चे, १९७२ मध्ये आणखी चार, मिळून १८. भिंतीवर तक्ता आहे, इतकी वर्षं त्याच्याखालून ये-जा केली.

माझ्या निबंधात नियम कुठे लागला? 'सूप' दीर्घ, पण 'सुपात' ऱ्हस्व, कारण शब्दाला प्रत्यय लागला की उपान्त्य दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. 'गरीब' पण 'गरिबाला', तसंच. 'विडी' मध्ये शेवटचं अक्षर दीर्घ म्हणून आधीची वि ऱ्हस्व. निबंधभर सूप आणि सुपात असल्यामुळे हा एक नियम आता मरेपर्यंत विसरणार नाही. बाकीचे सतरा बघून लिहावे लागतात, आणि बघून लिहायला काही हरकत नसते असं सर म्हणाले. वर्गाने सुटकेचा श्वास टाकला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

टाइप करून जमा केला. सोबत सगळे खर्डे, पार्टनरचे शेरे, ही वही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

परत मिळाला. मार्क बरे आहेत. शेरा: 'चौथा परिच्छेद अजूनही तिसऱ्याचंच काम करतो.' बघितलं, करतो.

शुक्रवारी २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. भित्तिपत्रकात पार्टनरचा आणि माझा निबंध लागणार आहे, पण जागा सहाशे शब्दांचीच. म्हणजे निम्मा कापायचा. चौथा परिच्छेद पहिल्यांदा. कायद्याची दोन वाक्यं ठेवायची. सिलिंडरवाला जाईल, समोरच्या वहिनी जातील, कुकर आणि गणिताची वही राहील. सासऱ्यांच्या चहाबद्दल ठरत नाहीये. अक्कांनी निरोप पाठवलाय की तो काढ, मामंजी भित्तिपत्रक वाचायला येतील. मामंजी कॉलेजला कशाला येतील, पण चहा काढला तर शब्द भरतात. उद्या पार्टनरला दोन्ही करून दाखवते.